आधी यजमान, मग तंबू

दिवाळी होऊन गारठा उतरला की ओळखीच्या दोन-तीन घरांतून दरवर्षी एकच प्रश्न येतो. मुलांना घेऊन एक रात्र तंबूत काढायची आहे, संभाजीनगरच्या जवळपास चांगली जागा कुठली? मी जागेचं नाव सांगत नाही. उलट विचारते, ‘ओळखीत शेत कुणाचं आहे?’ समोरचा जरा हिरमुसतो. त्याला म्हैसमाळचा कडा किंवा नाथसागराचा काठ ऐकायचा असतो.

पण आपल्या भागातली परिस्थिती आधी समजून घ्या. आखलेले चौकोन, प्रत्येकाला नळ आणि विजेचा खांब, एका टोकाला स्वच्छतागृह, अशी मुक्कामाची मैदानं परदेशातल्या चित्रफितींत दिसतात. संभाजीनगरच्या आसपास ती जवळपास नाहीतच. इथली मोकळी दिसणारी जमीन एकतर वनखात्याची असते, नाहीतर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली, गावाचं गायरान किंवा मग कुणाचं तरी शेत. गौताळा औट्रम घाट हे अभयारण्य आहे. नाथसागराचा पसाराही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. परवानगीशिवाय तिथे रात्र काढणं गुन्हा आहे, आणि ‘कुणी बघत नाही’ हे कारण वनरक्षकापुढे चालत नाही. वेरूळ, पितळखोरे, देवगिरी इथे संध्याकाळी फाटक बंद होतं. गायरानात कुणी अडवणार नाही, पण रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणलं किंवा गाडी रुतली तर हाक कुणाला मारणार? उरतं शेत. म्हणून आधी यजमान शोधायचा, तंबू त्यानंतर.

यजमान मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. या शहरातल्या निम्म्या घरांचं एक मूळ कन्नड, खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड, पैठण किंवा गंगापूर तालुक्यात असतं. कार्यालयातल्या सहकाऱ्याला, दूधवाल्याला, मुलांच्या व्हॅनच्या काकांना विचारा. गावाकडे भाऊ शेती बघतो, वस्तीवर खोली आहे, विहीर आहे, असं कुणीतरी सांगेलच. असं कुणी सापडलं नाही तर कृषी पर्यटन केंद्र बघा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, आणि माणशी दर ठरवून राहायला-जेवायला देणारी केंद्रं आता आहेत. आणखी सोय हवी असेल तर अजिंठ्याच्या पायथ्याला, फर्दापूरला, पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. पण ते शहरापासून शंभर किलोमीटरवर. पहिल्याच खेपेला इतकं लांब जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या आत हवा. रात्री अकराला सगळं बिनसलं तर गाशा गुंडाळून बाराला आपल्या गादीवर पडता आलं पाहिजे. हे माहीत असलं की गंमत म्हणजे कुणी परत येत नाही.

ओळखीचं शेत असलं तरी पैशांचं आधी बोलून घ्या. ‘तुम्ही काय परके आहात का’ असं यजमान म्हणणारच. मग त्यांच्याकडूनच दूध, भाजी, ज्वारी, शेंगा घ्या आणि चार पैसे जास्त द्या. त्यांच्या मुलांसाठी काहीतरी न्या. बाटली आणि स्पीकर मात्र नेऊ नका. आधीच्या एखाद्या टोळक्याच्या उपद्व्यापामुळे कितीतरी वस्त्यांची दारं शहरवाल्यांना कायमची बंद झाली आहेत.

जाण्याआधी दिवसाउजेडी एक चक्कर मारा आणि काही प्रश्न विचारा. ते शहरातल्या माणसाला सहसा सुचत नाहीत. पहिला प्रश्न लाईटचा. शेतीपंपांची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रपाळी असेल तर यजमान मध्यरात्री उठून मोटर सुरू करणार, आणि तुमचा तंबू नेमका गव्हाच्या सऱ्यांच्या उताराला असला तर पहाटे तुम्ही पाण्यात. दुसरा प्रश्न फवारणीचा. शेजारच्या तुरीवर किंवा कपाशीवर दोन-चार दिवसांत औषध मारलं असेल तर ती बाजू टाळायची. तिसरा, ऊस किती लांब आहे? उसाच्या फडात बिबट्या राहतो, पिलंही तिथेच देतो. पैठणच्या, कन्नडच्या पट्ट्यात हे ऐकीव नाही. फडापासून लांब, वस्तीच्या उजेडात तंबू लावा. अंधार पडला की मुलांनी एकटं कुठेही जायचं नाही आणि घरचा कुत्रा बरोबर असेल तर तो आत. बिबट्याला माणसात सहसा रस नसतो, कुत्र्यात असतो.

चौथा प्रश्न खरं तर पहिला असायला हवा: संडास कुठे आहे? बहुतेक सहली इथेच मोडतात आणि बायका ते मोकळेपणी बोलत नाहीत. वस्तीवर पक्कं स्वच्छतागृह असेल तरच घरातल्या सगळ्यांना न्या. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वेळी दुपारी चारनंतर पाणीच प्यायलं नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं. तेव्हापासून वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्यांच्यासाठी वस्तीवरची खोली आणि बाज मागून घेते. रात्री आठपर्यंत त्या आमच्यात बसतात, मग खोलीत जाऊन गाढ झोपतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर सरपटत तंबूत शिरायला लावण्यात कसली मजा?

महिना कुठला निवडावा? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात म्हैसमाळ हिरवंगार असतं, ढग रस्त्यावर उतरतात, पण ती दिवसाची सहल. काळ्या मातीत पावसात गाडी घातली की ट्रॅक्टर आल्याशिवाय निघत नाही. मार्चपासून ऊन चढतं, गवत वाळतं आणि एका काडीने डोंगर पेटतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिवस सुखाचे असतात, रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो, कधी त्याखालीही. शिवाय तेव्हा ज्वारी हुरड्याला आलेली असते. खरं सांगायचं तर आपल्याकडे कॅम्पिंग नवीन नाही, त्याचं नाव हुरडा पार्टी आहे. गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. लोक दिवस मावळला की घरी परततात, एवढंच. तुम्ही तिथेच राहायचं.

तारीख ठरवताना दोन पंचांगं बघा, एक चंद्राचं आणि एक गर्दीचं. मुलांना तारे दाखवायचे असतील तर अमावस्येच्या आगेमागे जा. शहराच्या उजेडातून तीस-चाळीस किलोमीटर बाहेर पडलं की मृग, त्याच्या पोटातला त्रिकांड बाण, खाली लखलखणारा व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका हे सगळं दुर्बिणीशिवाय दिसतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. त्या रात्री चंद्र नसला तर गोधडीत गुंडाळून उताणं पडून राहणं हाच कार्यक्रम. उलट, मुलं अंधाराला घाबरणारी असतील तर शुद्ध पक्षातली अष्टमी-दशमी बरी, झोपेपर्यंत चांदणं पुरतं. गर्दीचं म्हणाल तर महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार घृष्णेश्वराचे, हनुमान जयंती भद्रा मारुतीची, फाल्गुनातली षष्ठी पैठणची. त्या दिवशी त्या त्या रस्त्याला मुलांना घेऊन जाऊ नये. आणि लेणी बघायची असतील तर वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे माहीत नसल्याने बंद फाटकासमोर उभी राहिलेली कुटुंबं मी दरवर्षी बघते.

आता तंबू. दुकानात ‘चार माणसांचा’ म्हणून मिळतो त्यात तीन झोपतात, चौथा कुशीवर वळू शकत नाही. विकत घेण्याआधी एकदा कुणाचा तरी मागून आणा आणि गच्चीवर लावून बघा, दिवे बंद करून. पहिल्यांदा लावायला पाऊण तास लागतो, दुसऱ्यांदा पंधरा मिनिटं. तो पहिला पाऊण तास अंधारात, वाऱ्यात, भुकेल्या मुलांसमोर जाऊ नये. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा चार वाजेपर्यंत तंबू उभा हवा.

आपली जमीन तंबूंसाठी बनलेली नाही. मुरमाड रानात वीतभर खाली काळा खडक लागतो आणि तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या तारेसारख्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची लोखंडी खिळे आणि एक हातोडी घ्या. खडकच असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून चार कोपऱ्यांना दोरीने बांधा. वारा कितीही आला तरी तंबू हलत नाही. काळ्या रानात खिळे सहज जातात, पण तिथे भेगा असतात आणि भेगांत काय राहतं ते यजमानाला विचारा. सगळ्यात उत्तम जागा खळ्याची. सारवलेली, चोपलेली, सपाट. सपाटीचं महत्त्व आम्हाला पहिल्याच रात्री कळलं. नजारा छान म्हणून थोड्या उतारावर तंबू लावला आणि पहाटे जाग आली तेव्हा आम्ही चौघं एका कोपऱ्यात एकमेकांवर गोळा झालो होतो.

बाभळीखाली सावली सुरेख असते आणि काटेही. तंबूच्या तळाला भोक पडायला एक काटा पुरतो. खाली आधी झाडून जाड ताडपत्री अंथरा, पण ती तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दव तिच्यावर साठून आत येतं. दवाला कमी लेखू नका. जानेवारीत पहाटे तंबू बाहेरून पाऊस पडल्यासारखा भिजलेला असतो, आणि आतूनही, चार माणसांच्या श्वासाने. दोन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. थंडी वरून नाही, खालून लागते. अंगावर तीन पांघरुणं घेऊन खाली पातळ चटई टाकणारे रात्रभर कुडकुडतात. एक वाकळ खाली, एक वर. आजीने शिवलेली असेल तर कुठलीही महागडी झोपपिशवी तिच्यापुढे फिकी. आणि एक गोष्ट कठोरपणे पाळा: कितीही थंडी असो, कोळशाची शेगडी, घमेल्यातला विस्तव किंवा गॅस तंबूत आणायचा नाही. बंद जागेत त्याचा विषारी वायू वास न येता झोपेतच माणूस मारतो.

सापांबद्दल घाबरून जाऊ नका आणि बेफिकीरही राहू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघंही आपल्या भागात आहेत. थंडीत त्यांचा वावर कमी असतो, संपत नाही. तंबूची चेन सतत बंद, बूट आत, रात्री पायाखाली बॅटरी, सरपणाच्या ढिगाशी हात घालताना काठी. चावलाच तर कापणं, आवळून बांधणं, चोखणं, मांत्रिक यांत एक मिनिटही घालवायचं नाही. तो अवयव हलवू न देता सरकारी रुग्णालय गाठायचं. सर्वांत जवळचं कोणतं हे निघण्याआधी बघून ठेवा. मोठं ठिकाण शहरातली घाटी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस, १९२६ वर वनखातं. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण डोंगराच्या कुशीत मोबाईलची रेंज नसते आणि फोनची बॅटरी नेमकी रात्रीच संपते. यजमानाकडे कुठल्या कंपनीची रेंज येते हेही विचारून घ्या.

त्याहून मोठी भीती मला आग्या मोहोळाची वाटते. वेरूळ, देवगिरी, पितळखोरे इथल्या कड्यांवर ती लोंबकळताना दिसतात. धूर, दगड आणि भडक अत्तर यांनी माश्या उठतात. मुलांना आधीच सांगून ठेवा: आरडाओरडा नाही, हात झटकणं नाही, डोकं-तोंड झाकून पळायचं.

पाणी माणशी दहा लिटर धरा. त्यातलं चार पिण्याचं, बाकी स्वयंपाक, हात-तोंड, भांडी. संभाजीनगरकरांना पाणी साठवायला मी काय शिकवणार? नळाला कधी येईल याचा हिशेब लावत आपण लहानाचे मोठे झालो. वीस लिटरचे जार गाडीत ठेवा. विहिरीचं पाणी वापरायला चालेल, प्यायला उकळून.

स्वयंपाकाचा हौशी बेत करू नका. पहिल्या रात्रीचं जेवण घरूनच न्यावं: धपाटे, दशम्या, लसणाची चटणी, दही. त्याला जोड म्हणून तिथे फक्त येसराची आमटी करा. येसर ही मराठवाड्याने केव्हाच शोधलेली झटपट आमटी आहे. भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, ते पाण्यात कालवून फोडणीत ओतायचं, उकळी आली की झालं. थंडीत वाटीभर गरम येसर पोटात गेलं की मुलं मोबाईल विसरतात. सकाळी पोहे आणि चहा. पाच किलोचा छोटा गॅस पुरतो. चूल पेटवायची तर यजमान दाखवतील तिथेच, आणि सरपण त्यांच्याकडून विकत. झाड तोडायचं नाही. झोपण्याआधी विस्तवावर पाणी ओतून हाताने चाचपून बघा. निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो आणि पहाटेचा वारा त्याला कडब्याच्या गंजीपर्यंत नेतो.

कॅराव्हॅनबद्दल आता बरेच जण विचारतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या भाड्याने मिळतात, बहुतेक वेळा पुण्या-मुंबईहून मागवाव्या लागतात. आत पलंग, छोटा ओटा, संडास असल्याने आजी-आजोबांना किंवा तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्यांना ती सोयीची. पण तिच्यामुळे जागेचा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. तंबू खळ्यावर मावतो, कॅराव्हॅनला शेतापर्यंत पक्का रस्ता, वळवायला जागा, वरच्या फांद्या आणि विजेच्या तारांखालून जाण्याइतकी उंची, पंधरा अँपिअरचा प्लग आणि सांडपाणी सोडायची सोय लागते. ते पाणी यजमानाच्या विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडलंत तर पुन्हा तोंड दाखवू नका. घरच्या जुन्या गाडीत पलंग ठोकून कॅराव्हॅन बनवायचा मोह अनेकांना होतो. आरटीओच्या मंजुरीशिवाय असे बदल केले तर अपघात झाल्यावर विमा हात वर करतो.

मोठी गाडी असेल तर रस्ताही आधी ठरवा. समृद्धी महामार्गाला सावंगी आणि माळीवाडा इथून चढता-उतरता येतं, मात्र त्यावर चहा प्यायला कडेला गाडी लावणं म्हणजे जिवाशी खेळ. वेरूळच्या जुन्या रस्त्यावर दौलताबादचा दिल्ली दरवाजा लागतो. दरवाजांच्या या शहराने आपल्या वेशीबाहेरही एक दरवाजा आडवा ठेवला आहे, आणि सुटीच्या दिवशी त्याच्यात एक बस आणि एक ऊसवाला ट्रॅक्टर समोरासमोर आले की अर्धा तास गेला.

पहिल्या खेपेसाठी मला आवडणारा बेत वेरूळ-खुलताबाद पट्ट्यातला. शहरापासून तीस किलोमीटरच्या आसपास. शनिवारी दुपारी जेवून निघायचं, वाटेत दौलताबादला पेरू घ्यायचे, हंगाम असेल तर सीताफळं. साडेतीनला शेतावर. तंबू लावून झाला की मुलांना रानात मोकळं सोडायचं. तासाला काय काय, अशी आखणी करू नका. मोटेच्या जुन्या थारोळ्यावर चढणं, वासराला चारा घालणं, आगटीशी बसून कणीस फिरवणं यात संध्याकाळ जाते. एका दिवसात देवगिरी, म्हैसमाळ, वेरूळ आणि मुक्काम असं सगळं कोंबणारे पालक मला ठाऊक आहेत. त्यांची मुलं गाडीत झोपतात.

रविवारी सकाळी घाई नाही. तंबू उन्हात उलटा करून वाळू द्या, कारण ओला घडी केलेला तंबू आठवड्यात बुरशीने वास मारतो. अकराला आवराआवर, कचरा पिशवीत भरून आपल्या गाडीत. मग वेरूळ. सगळे सकाळी जातात, तुम्ही दुपारी अडीचनंतर जा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी कैलास सावलीत असतो, दुपार कलली की ऊन समोरून शिरतं आणि शिखरावरची एकेक आकृती उठून दिसते. चौतीस लेणी बघायचा हट्ट नको. सोळावं कैलासाचं आणि दहावं विश्वकर्म्याचं, एवढी दोन मुलांना पुरतात.

कन्नडकडचं पितळखोरे, गौताळ्याच्या दिवसाच्या वाटा, नाथसागरावर थंडीत येणारे रोहित पक्षी, ही पुढच्या खेपांची ठिकाणं. नाथसागराला गेलात तर पाण्यात उतरू नका. काठ टणक दिसतो, पण खाली गाळ असतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो सोडत नाही. पक्ष्यांसाठी सूर्योदयाला पोचायचं म्हणजे मुक्काम पैठण गावात, खोली घेऊन.

घरी आल्यावर कपडे थेट धुलाईयंत्रात टाकू नका. मोज्यांत, पायजम्याच्या काठात कुसळं अडकलेली असतात, ती यंत्रभर पसरतात आणि महिनाभर सगळ्यांच्या अंगाला टोचतात. गच्चीत बसून एकेक उपटावी लागतात, मुलांनाही बसवा. सामान लावताना यजमानांची एखादी किटली किंवा डबा हमखास सापडतो, सकाळी दूध दिलेला. तो चार दिवसांत परत पोचवा, आणि रिकामा नको. आमच्याकडून तिळाचे लाडू जातात. तिकडून त्याच डब्यात हुरडा येतो आणि डबा पुन्हा आमच्याकडेच राहतो.